जुन्या डब्यात दोन पंख्यांचं कार्ड

२ एप्रिल. सकाळी, चहानंतर.

ही रोजनिशी माझी आणि माझ्यापुरती. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आणि हे लिहितात. पुढेमागे वाचायची झाली तर वाचणारेही हेच. तेव्हा वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवते: अहो, चष्मा कपाळावर आहे. फ्रिजमध्ये बघू नका. एकदा तिथे सापडला म्हणून दर वेळी तिथेच असतो असं नाही. आणि हे सगळं कोण सांगतंय असा प्रश्न पडलाच, तर तुमची बायको सांगतेय. शेजारच्या खोलीत आहे. हाक मारून खात्री करून घ्या.

वही काढायचं कारण असं. काल लेकीचा फोन आला. नातीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पंधरा तारखेपासून दोन महिने एका जागी बसून तिला एक अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची आहे, जिने, खिडक्या, सावल्या सगळ्यांसकट. लेकीच्या घरी गवंडी आलेत, ठोकाठोक चालू. मग पोरगी राहणार कुठे? एक तर आमच्याकडे, नाहीतर विहीणबाईंकडे. लेक म्हणाली, आई, तिच्या कामाला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं गं. ते तिच्या त्या आजीच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तेव्हा बहुतेक तिकडेच जाईल.

मी म्हटलं, जाऊ दे की. मला काही ती इथेच यायला हवी असं नाही. शिकून झाली की नोकरीला लांब जाणार, मग कुठली आजी आणि कुठलं काय. मी त्याचा विचारही करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या घरात धडधाकट कॉम्प्युटर असताना त्यात एक कार्ड नसावं, हे बरं दिसत नाही.

संकल्प: चौदा तारखेच्या आत जुन्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवणे. लेकीला आणि नातीला आत्ता काही सांगायचं नाही.

हे म्हणाले, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते तुला माहीत आहे का? मी म्हटलं, खण असतो, खणात सरकवायचं असतं. एवढं आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेलं. जुन्या कपड्याला नवीन बाही लावणारीला हे शिकवू नका.

३ एप्रिल. दुपारी.

कॉम्प्युटरवरची चादर काढली. हा लेकीने घेतलेला. नात लहान असताना त्याच्यावर चित्रं काढायची. लेकीने नवीन घेतल्यावर हा आमच्या मागच्या खोलीत टेबलावर आला. आता हे त्याच्यावर पत्त्यांचा डाव मांडतात, एकटेच, आणि तरी हरतात.

यांनी बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ इतकी की गहू पेरले असते तर उगवले असते. ब्रश घेऊन झटकलं. हिरव्या पाटीवर एक लांब रिकामी खाच दिसली. हे म्हणाले, हा स्लॉट, कार्ड इथे बसतं. मी म्हटलं, दिसतंय. बटणाआधी काजं ओळखता येतात मला.

पत्त्यांचा डाव कधी सुरू होणार, असं यांनी विचारलं. काय महत्त्वाचं आहे ते या घरात मलाच कळतं.

५ एप्रिल. संध्याकाळी. विजयी दिवस.

कॉम्प्युटरच्या दुकानात एकटी जाऊन आले. दुकानदाराचं नाव मी होऊनजाईल ठेवलंय, कारण काहीही विचारा, तो होऊन जाईल म्हणतो. स्वभाव गोड, दुकानात पसारा.

आपला कॉम्प्युटर किती जुना ते त्याला सांगितलं. त्याने आतून एक कार्ड आणलं, बिनपंख्याचं, बिस्किटाएवढं. म्हणाला, आजी, तुमच्या मशीनला हे बरं, याला वेगळी वीज लागत नाही. मी हातात घेतलं. वजनच नाही! असलं घेऊन विहीणबाईंपुढे काय तोंड दाखवायचं? मी म्हटलं, ते कपाटातलं दाखवा. ते जुनंच, पण काय ऐट! दोन पंखे, काळा चकचकीत पत्रा, हातात घेतलं तर चांगलं वरवंट्यासारखं जड. तो म्हणाला, आजी, हे जरा मोठं पडेल. मी म्हटलं, मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो की नाही? तो म्हणाला, घेतो. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, होऊन जाईल.

आंधळेपणाने नाही घेतलं. माप घेतलं. टेप घरी राहिली होती, म्हणून वितीने मोजलं. कार्ड भरलं एक वीत चार बोटं. लगेच यांना फोन लावला, म्हटलं, कॉम्प्युटरच्या डब्यात आतली जागा किती ते मोजा, वितीने. यांनी मोजून सांगितलं, एक वीत चार बोटं. एकास एक! शिवणात याला अंगाबरोबर फिटिंग म्हणतात.

विहीणबाईंच्या कार्डाला किती पंखे आहेत, हे लेकीकडून सहज विचारून घेणे.

६ एप्रिल.

कार्ड जात नाही. पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आहे, त्याला थडकतं.

वीत माझी आणि वीत यांची, यांची माझ्यापेक्षा आखूड निघाली. यांचा पंजा केवढा, मला काय माहीत नाही? जन्मभर त्याच पंजाने डब्यातले शेंगदाणे घेतलेत. मग मोजताना हात आखडायला काय झालं होतं? चूक यांच्या हाताची आहे. हे म्हणाले, तू कार्ड तुझ्या वितीने मोजलंस आणि डबा माझ्या वितीने मोजायला लावलास, यात हाताचा काय दोष? नाचता येईना अंगण वाकडं.

मी म्हटलं, चूक यांच्या हाताची, असंच लिहा. लिहिलंत? वाचून दाखवा. वाचून दाखवलं. बरोबर वाचलं. लिहिलंय तेच वाचलं असेल, असं धरून चालू.

एवढ्याने मी खचत नाही. कपडा घट्ट झाला म्हणून कुणी टाकून देतं का? उसवायचा.

८ एप्रिल. दुपारी.

पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याकडे डबा नेला. रिक्षात माझ्या मांडीवर डबा, यांच्या मांडीवर कार्ड. रिक्षावाल्याने विचारलं, दवाखान्यात का? मी म्हटलं, हो, ऑपरेशन आहे.

पेटीवाला म्हणाला, मावशी, हे आत काय आहे ते मला कळत नाही, कुठे कापू तेवढं सांगा. मी खडूने रेघ मारली. त्याने हिरव्या पाटीवर कापड अंथरलं, म्हणजे आत चुरा पडायला नको, आणि निम्मा पिंजरा कापून काढला. कडा घासून दिल्या. काम स्वच्छ. हार्ड डिस्क उघडी पडली, तिला वर सीडीच्या रिकाम्या कप्प्यात ठेवली आणि परकराच्या इलॅस्टिकने दोन वेढे देऊन बांधली. हलत नाही. वर एक छोटी गाठ.

आम्ही निघताना पेटीवाल्याने विचारलं, याला कडी-कुलूप लावू का? चांगला माणूस.

लेकीचा फोन. काय चाललंय विचारलं. म्हटलं, साफसफाई. विहीणबाईंच्या कार्डाला पंखे किती, हेही विचारलं. ती म्हणाली, आई, तुला बरं वाटतंय ना?

९ एप्रिल. सकाळी.

कार्ड बसलं! खट् असा आवाज आला, प्रेसबटण बसल्यासारखा. डोळ्यांत पाणी आलं. धुळीचं.

एकच बारीक गोष्ट. कार्ड जड, त्यामुळे पुढून लोंबतं. नाकापेक्षा मोती जड, असं हे म्हणाले. मी खालून दोऱ्याचं रीळ उभं करून टेकू दिला. काळं रीळ घेतलं, काळ्याला काळं. आता तोलदार दिसतं.

बटण दाबलं. आतून शिट्टी वाजली. एक लांब आणि दोन आखूड. मॉनिटर काळा. मी म्हटलं, बघा, कसा आनंदाने ओरडला! हे म्हणाले, हा आनंद नाही, ही तक्रार आहे. पुन्हा लावला. पुन्हा तेच, एक लांब, दोन आखूड. तक्रार असती तर इतकी सुरात असती का?

तरी होऊनजाईलला फोन केला. शिट्ट्या मी तोंडाने वाजवून दाखवल्या. तो म्हणाला, आजी, कार्डाच्या मागे वीज द्यायची वेगळी वायर असते, ती लावली का? म्हटलं, तशी वायर आमच्या डब्यात नाही. तो म्हणाला, जोडवायर देतो. मॉनिटरची पिनही त्या कार्डात जाणार नाही, तिलाही मध्ये जोड लागेल. होऊन जाईल.

१० एप्रिल.

दोन्ही जोड आणले. दोन जुन्या वायरी एकत्र करून कार्डाला वीज दिली. मॉनिटरच्या निळ्या पिनेला यांनी पांढरा जोड लावून ती कार्डात घातली. बटण दाबलं. दोन्ही पंखे फिरले आणि चित्र आलं! मी यांना टाळी दिली. यांनी लगेच पत्त्यांचा डाव काढला. मी म्हटलं, थांबा, आधी परीक्षा.

होऊनजाईलने परीक्षेचा एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात एक केसाळ गोळा गरगर फिरतो. तो म्हणाला होता, पाच मिनिटं फिरला की कार्ड पास. गोळा आला, फिरला, पंखे घोंघावले, विमान उडतंय असं वाटलं, आणि फट्. सगळं बंद.

दमला असेल. इतक्या वर्षांनी एवढं फिरायचं म्हणजे काय गंमत आहे?

पुन्हा लावला. पुन्हा फट्. तिसऱ्यांदा गोळ्याचे केस उगवायच्या आत फट्.

होऊनजाईल फोनवर म्हणाला, तुमचा पॉवर सप्लाय लहान आहे, कार्डाला पुरत नाही. हे म्हणाले, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आज यांना म्हणी फार सुचतायत.

११ एप्रिल.

आजचा दिवस नोंद करण्यासारखा नाही. लेकीचा फोन आला. विहीणबाईंनी नातीच्या खोलीला नवे पडदे लावले. फुलाफुलांचे. नात एक-दोन दिवसांत काय ते ठरवणार.

मला काय त्याचं. पडद्याने इमारत काढता येत असेल तर काढ म्हणावं.

संकल्प: आपले पडदे उतरवून धुणे. धुवायला झालेच होते. हे म्हणाले, गेल्याच महिन्यात धुतले. यांना महिने कळत नाहीत.

१२ एप्रिल. संध्याकाळी.

होऊनजाईल मोठा पॉवर सप्लाय घेऊन घरी आला. तो डब्याच्या भोकात जाईना. तो म्हणाला, आजी, डब्याबाहेर ठेवू, वायरी आत सोडू, होऊन जाईल. मी म्हटलं, पोटातली वस्तू पाठीवर बांधून माझा कॉम्प्युटर दारात उभा राहायचा नाही. पोरगी काय म्हणेल? पडदे बघितलेत का तिकडचे? तो म्हणाला, कुठले पडदे? हे म्हणाले, तुम्ही चहा घ्या.

तो चहा पिऊन, सप्लाय घेऊन परत गेला. जाताना होऊन जाईल म्हणाला नाही. हे मला खटकलं.

यांनी म्हणून बघितलं, अगं, नसेल यायची तर नसेल. आपण जाऊ भेटायला. मी म्हटलं, कुणासाठी करतेय मी हे? कॉम्प्युटरसाठी. यांनी पेन खाली ठेवलं. लिहा म्हटलं. लिहा, कॉम्प्युटरसाठी.

१३ एप्रिल. सकाळी. लिहायला घाई करा!

झालं! मी केलं, माझ्या हाताने, कुणालाही न विचारता.

सकाळी डब्याच्या मागे पुसत होते. बघते तर निळ्या पिनेला तो पांढरा जोड, मग ती कार्डात, कार्डाला पुन्हा जोडवायर. किती ही ठिगळं! ज्या कपड्याला ठिगळावर ठिगळ तो फाटणारच. पांढरा जोड काढून टाकला. जोडवायरही ओढून काढली, तेव्हा कार्ड खाचेतून जरा वर आलं, राहू दिलं. आणि काय सांगू, डब्याच्या मागे खाली एक निळंच भोक! निळ्या पिनेला निळं भोक! करणाऱ्याने रंगाला रंग देऊन ठेवलाय आणि आपण जगभर जोड शोधतोय. शिवणाची पहिली शिकवण हीच, निळ्या कापडाला निळा दोरा. घातली पिन. बटण दाबलं. शिट्टी नाही, घोंघाट नाही, चित्र हजर.

परीक्षा घेतली. गोळा आला. फिरला. पूर्वीसारखा वेड्यासारखा गरगर नाही, शांत, समजूतदारपणे, थोडा फिरायचा, थोडा थांबायचा. पण बंद पडला नाही! मी अंघोळ करून आले, गोळा फिरतोय. केर काढला, फिरतोय. होऊनजाईलला कळवलं. तो म्हणाला, जुन्या सप्लायवर? असं कसं होईल? मी म्हटलं, होऊन गेलं.

कार्डाचे पंखे फिरत नाहीत, असं यांनी दाखवलं. मी म्हटलं, ताण नाही त्याला, कशाला फिरतील? आणि चित्र बघा की. काय तजेला! मॉनिटरवरच्या झाडाचं पान न् पान मोजून घ्या. हे म्हणाले, मला तर होतं तसंच दिसतंय. चष्मा कपाळावर होता, हे वेगळं सांगायला नको.

मग लेकीला फोन. म्हटलं, सहज सांगते, आपल्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवलंय. दोन पंख्यांचं. नातीला सांग, नाही सांगितलंस तरी चालेल, पण सांग. लेक म्हणाली, बसवलंय? कुणी? म्हटलं, मी. पलीकडून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. तब्येत सांभाळ म्हटलं.

१४ एप्रिल.

नात इकडे येतेय! आमच्याकडे! उद्या संध्याकाळी! दोन महिने!

स्वतः फोन केला. आजी, मी येतेय हं तुझ्याकडे. मी म्हटलं, बरं, ये. कामात होते, जास्त बोलले नाही. फोन ठेवल्यावर यांचा हात धरून दोन फेऱ्या मारल्या, ते गुडघे मोकळे करायला.

एका कार्डाने केलं हे. विहीणबाईंना पडदे मुबारक.

संकल्प: अजून एक पंखा बसतो का ते बघणे.

१६ एप्रिल. दुपारी.

काल नात आली. खांद्यावर बॅग, हातात एक मोठं खोकं. पाया पडली, गळ्यात पडली, केवढी उंच झालीये. मी तिला पाणीसुद्धा न देता मागच्या खोलीत नेलं. डब्याचा पत्रा मुद्दाम उघडा ठेवला होता, आतलं काम दिसायला.

तिने आत बघितलं. इलॅस्टिक बघितलं. रीळ बघितलं. मग मागे वाकून निळी पिन बघितली. आणि खाली फरशीवर बसली आणि हसायला लागली. पोट धरून. मला वाटलं, आनंदाने. होतंही आनंदानेच, पण दुसऱ्या.

म्हणाली, अगं आजी, पिन जुन्याच भोकात आहे. कार्डाला तर वीजच नाही, आणि ते खाचेतूनही सुटलंय. चित्र येतंय ते आधीपासून यायचं तेच, कार्ड नुसतं आत बसून आहे. हे म्हणाले, मी म्हटलं होतं. मी म्हटलं, तुम्ही नंतर बोला. नातीला म्हटलं, मग लाव ती वायर, आहे कपाटात, आणि कर सुरू तुझी इमारत.

मग तिने ते मोठं खोकं उघडलं. आतून निघाला कॉम्प्युटर. कोरा. कॉलेजने शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांना दोन महिन्यांसाठी दिलाय. त्यात कार्ड आहेच. पंखे तीन.

मी म्हटलं, मग त्या आजीकडे का नाही गेलीस? पडदे लावले होते बिचारीने. ती म्हणाली, अगं, तिकडे सगळे हळू बोलतात. मला झोप येते. इथे तुम्ही दोघं दिवसभर भांडत असता, त्यात माझं काम भराभर होतं. इकडे यायचं मी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं, आईला सांगायचंच राहून गेलं.

हे लिहिता लिहिता हसतायत. हसा. पण एक प्रश्न विचारते, आणि तो मोठ्या अक्षरात लिहा. आपण घरात कार्ड बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी पोरगी येते म्हणून फोन आला, हे खरं की नाही? झालं तर मग.

तिला टेबल हवं होतं. तिने आणि यांनी मिळून माझा कॉम्प्युटर उचलला आणि टेबलाखाली ठेवला, आडवा. आता ती वर इमारत काढते आणि खाली त्याच्यावर पाय ठेवते. म्हणते, आजी, काय बरोबर उंची आहे गं. शेवटी उपयोगाला आलाच. बिस्किटाएवढ्या कार्डासाठी कुणी डबा कापला असता का?

यांचा पत्त्यांचा डाव तिने मोबाइलवर घालून दिला. तिथेही हरतात.

आता वही मिटा आणि लेकीला फोन लावा. सांगा, पोरगी जागून काम करते आणि सारखी काहीतरी चघळते, तेव्हा जावयांबरोबर खाऊ पाठव. काजू, खारे. खजूर, बिनबियांचे. केक पाठवलास तर कोरडा पाठव, क्रीमचा नको, तो आजोबांनाच सापडतो. आणि अक्रोड पाठव, पण फोडून पाठव. कवचासकट पाठवलेस तर हे आजोबा-नात दोघं ते माझ्या कॉम्प्युटरवर ठेवून फोडतील.